आमच्या साडूंचं लपण

आमचे साडू घरी ज्या वस्तू बनवतात, त्यांतली एकही वस्तू आजवर ज्या कामासाठी बनवली त्या कामी आलेली नाही. आणि असं असूनही हा गृहस्थ दुकानातून तयार वस्तू आणणाऱ्या माणसाकडे, म्हणजे मुख्यतः माझ्याकडे, ज्या कीव करणाऱ्या नजरेने पाहतो ती मी गेली कित्येक वर्षं सहन करत आलो आहे. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे भंडाऱ्याचे. शारजात अल नहदाला आमच्या शेजारच्याच टॉवरमध्ये ते राहायचे, आणि आम्हाला हा फ्लॅट त्यांनीच मिळवून दिला होता, त्यामुळे माझं तोंड कायमचं बंद. व्यवसायाने एसीचे इंजिनियर. अख्खी हयात दुबईतल्या मोठमोठ्या इमारती गार करण्यात गेली, आणि स्वतःच्या घरात मात्र त्यांनी एका ऑगस्टमध्ये नागपुरी कूलर बनवला. शारजाच्या ऑगस्टमध्ये हवेत इतकं पाणी असतं की चष्मा घालून दाराबाहेर पडलं की माणूस आंधळा होतो. त्यात हा कूलर. आठवड्याभरात त्यांच्या घरातले पापड मऊ पडले, काडेपेटी पेटेना, कपाटाची दारं फुगून बसली आणि मेहुणीबाई आमच्याकडे येऊन राहिल्या. साडूंचं म्हणणं एवढंच, की कूलर बरोबर आहे, हवा चुकीची आहे. "आमच्या भंडाऱ्याले आणून पाहा हा कूलर, मग बोला जी," असं ते मला रागाने म्हणाले. जणू शारजाची हवा मी निवडली होती.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे बोलणं. बोलतात सगळेच, पण साडू कुणी असो वा नसो बोलतात. गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या बाईशी ते भांडतात. "पुढचा एक्झिट घ्या" असं ती म्हणाली की "काऊन घेऊ? त्या एक्झिटले काम चालू आहे, तुले माहीत नाही का?" असं तिला विचारतात, आणि ती मुकाट्याने नवा रस्ता शोधू लागली की आपण वाद जिंकलो अशा समाधानाने माझ्याकडे बघतात. लिफ्टमध्ये, मशिदीसमोरच्या पार्किंगमध्ये, सुपरमार्केटमध्ये वजनकाट्यासमोर, सगळीकडे त्यांचा आवाज आधी पोचतो. आणि विषय बहुतेक वेळा कुणाच्या तरी गाढवपणाचा असतो. आंबे इथे येईपर्यंत कच्चे राहतात ते कुणामुळे, ऑफिसात मीटिंगा का होतात, पोरं इंग्रजीत का उत्तरं देतात. माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं, "बाबा, डझ काका हॅव अन ऑफ स्विच?" मी तिला रागावलो खरा, पण तो प्रश्न मलाही फार दिवसांपासून पडलेला होता.

अशा या माणसाने दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, एका शुक्रवारी सकाळी, माझ्या घरी येऊन जाहीर केलं की आपल्याला लपण बनवायचं आहे. लपण म्हणजे काय हे आधी मलाही माहीत नव्हतं. तळ्यातल्या बदकांच्या अगदी जवळ जायचं तर माणूस दिसता कामा नये, म्हणून छोट्या नावेवर गवत-फांद्यांचा आडोसा बांधतात आणि आत चिडीचूप बसतात. त्या आडोशाला भंडाऱ्याकडचे जुने शिकारी लपण म्हणतात. मी घाबरून विचारलं, या देशात शिकार करणार? इथे पक्ष्याला खडा मारला तरी तुरुंगात टाकतील. त्यावर साडू असे संतापले की चहा खाली ठेवून उभेच राहिले. शिकारीचं नाव कोणी काढलं? मग त्यांनी जे सांगितलं ते, त्यांच्या मानाने, फार थोडक्यात सांगितलं.

त्यांचे वडील, म्हणजे बाबूजी, भंडाऱ्याजवळच्या एका गावात एकटे राहत होते. नव्वदीला टेकलेले. तरुणपणी नावाजलेले शिकारी. कोळ्यांच्या डोंग्यावर स्वतः लपण बांधून पहाटे तलावात जायचे. शिकारबंदी आली तेव्हा त्यांनी बंदूक सरकारात जमा केली, पण लपण सोडलं नाही. थंडी पडली की नुसतेच जाऊन आत बसायचे आणि उन्हं वर आली की परत यायचे. लोकांनी वेड्यात काढलं. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तरी काठावर खुर्ची टाकून बदकांचे आवाज ऐकत बसायचे. मग तलावात पॅडलबोटी आल्या, काठावर खाऊचे ठेले आणि भोंगे आले, आणि बदकं यायची थांबली. त्याला चार-पाच हिवाळे झाले होते. त्या दिवाळीला साडूंनी फोनवर विचारलं, काही पाठवू का. म्हाताऱ्याने आयुष्यात मुलाकडे काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "तिकडं समुद्र हाय म्हनतेस. बदकं येत असतील. एकदा आवाज आयकव."

इंटरनेटवरून आवाज ऐकवावा असं मी सुचवलं. ते त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. म्हाताऱ्याने दोन सेकंद ऐकून "हे मेलेलं बदक हाय" म्हणून फोन ठेवला होता. त्याला पाणी ऐकायचं होतं, वारा ऐकायचा होता, आत्ता, या घडीला, कुठेतरी खरं बदक उतरतंय ते ऐकायचं होतं.

आता यात रागावण्यासारखं काही नाही असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं आणि मी मदत करायचं कबूल केलं. माझा राग पुढचा आहे.

पहिल्यांदा मी त्यांना एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे झाडीच्या रंगाचा तयार तंबू मिळतो. पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. साडूंनी त्याची किंमत वाचली, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचे रुपये केले आणि सांगितलं की एवढ्यात आमच्याकडे अख्ख्या तलावाचा ठेका मिळतो, बदकांसकट. मग सेल्समनला, जो बिचारा केरळचा होता, त्यांनी लपण कसं बांधतात ते हिंदीत समजावलं. त्याला त्या तंबूतलं काय काय चुकलं आहे तेही समजावलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो सेल्समन मला "सर, टेक केअर" म्हणाला.

बांधकामासाठी माझी बाल्कनी ठरली. स्वतःच्या बाल्कनीत बांधायला मेहुणीबाईंची सक्त मनाई होती, आणि कूलरनंतर त्यांच्या शब्दाला घरात कायद्याचं वजन आलं होतं. पुढच्या शुक्रवारी मी झोपेतून उठलो तर बाल्कनीत प्लंबिंगच्या पांढऱ्या पाइपांचा ढीग आणि त्यात साडू, हातात करवत घेऊन, पाइप बनवणाऱ्या देशाला शिव्या देत होते. लपणाची उंची ठरवायला त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, माझ्या डोक्यावर एक पाइप आडवा धरला आणि "हलू नका जी, तुम्ही नावेत आहात" असं बजावलं. समोरच्या टॉवरमधली माणसं खिडकीत येऊन मोबाइलवर आमचं शूटिंग करत होती. माझी मुलगी तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "नो, ही इज बिल्डिंग अ बुश. माय डॅड इज इनसाइड इट." बिल्डिंगचा वॉचमन, ज्याला इथे नातूर म्हणतात, तो वर येऊन सांगून गेला की बाल्कनीत सामान ठेवलं तर दंड होतो. साडूंनी त्याला बसवून सरबत दिलं आणि बाबूजींची सगळी हकीकत सांगितली. तो खाली गेला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. दंडाचा कागद मात्र माझ्याच दारावर लागला.

झावळ्या हव्या होत्या. रस्त्याकडेच्या खजुरांची छाटणी करणाऱ्या माणसांच्या मुकादमाशी साडूंनी पंधरा मिनिटांत असं सख्य जमवलं की त्याने त्या आमच्या गाडीत स्वतः भरून दिल्या. आमच्या म्हणजे माझ्या. गाडी नवी होती. खजुराच्या झावळीला बुडाशी सुईसारखे काटे असतात, हे ज्ञान मला माझ्या सीटच्या कव्हरांवरून झालं, आणि झावळ्यांत मुंग्याही राहतात हे माझ्या मानेवरून. मग पडदा. दिवाणखान्यातला आमचा पांढरा पडदा साडूंना आतल्या अस्तराला योग्य वाटला, फक्त त्याचा रंग खाडीच्या चिखलाचा पाहिजे होता. माझी बायको बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणू शकत नाही. त्यांनी आमच्या बाथटबमध्ये कडक चहा उकळून ओतला आणि त्यात पडदा बुडवून ठेवला. पडदा फिकट गुलाबी झाला. टब मात्र हुबेहूब खाडीच्या चिखलाच्या रंगाचा झाला, आणि तो आजही तसाच आहे. मी तोंड उघडलं तर ते म्हणाले, "साडभाऊ, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले? टब आतून कोण पाहते?" मी पाहतो. रोज पाहतो.

तरीही तीनेक आठवड्यांनी एक ठेंगणीशी झोपडी उभी राहिली आणि मान्य करायला हवं, बरी दिसत होती. संध्याकाळी साडूंनी बाबूजींना फोन लावला, स्पीकरवर. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, त्यामुळे वर्णन करणं भाग होतं, आणि साडूंनी ते असं काही केलं की ताजमहालही एवढा वर्णिला गेला नसेल. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारा हाय का तिथं? फोन लपणात धर." बाल्कनीत वारा होताच. वाळलेल्या झावळ्या खडखडत होत्या, पाइप एकमेकांवर कुरकुरत होते. मग फोनमधून म्हातारा कडाडला, की हे लपण नोहे, हा लग्नाचा मांडव होय; बदकाचं काय लग्न हाय का बे? आणि फोन बंद.

साडूंचा चेहरा त्या वेळी मी प्रथम नीट पाहिला असेन. साठीला आलेला माणूस. ते कुणावर तरी चिडणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो होतो; पण ते खाली बसले आणि झावळ्या सोडू लागले. सोडता सोडता त्यांनी सांगितलं की लहानपणी एकदाच बाबूजींनी त्यांना लपणात नेलं होतं. बाबूजींनी बंदूक रोखली, आणि हे आनंदाने ओरडले की बाबूजी, ते पाहा बदक. त्या दिवसानंतर त्यांना काठावर बसवून ठेवत. डोंगा आत जायचा आणि हे काठावर, चुलत भावाशी गप्पा मारत. "त्यांचं बरोबर होतं जी," ते म्हणाले. मग लगेच, माझ्याकडचा स्क्रूड्रायव्हर कसा निकृष्ट आहे यावर बोलू लागले.

दुसरं लपण म्हाताऱ्याच्या फोनवरच्या आज्ञांनुसार झालं. पाइपांच्या सांध्यांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या. झावळ्यांऐवजी तागाची पोती. ओलं पोतं वाऱ्यात आवाज करत नाही, असा बाबूजींचा सिद्धान्त. किराणावाल्याकडून बासमतीची रिकामी पोती आली, ती भिजवून माझ्या बाल्कनीत वाळत घातली गेली, पुन्हा भिजवली गेली, आणि आमच्या मजल्यावर ओल्या गोठ्याचा वास भरून राहिला. लिफ्टमधून जाणारे लोक माझ्या दाराकडे बघून नाक धरत. माझ्या बॉसने मला विचारलं की तुम्ही घरी जनावर पाळलं आहे का. मी "हो" म्हणालो, आणि माझ्या मनात कोण होतं ते मी इथे लिहीत नाही.

नाव होती गफूरभाईंची. हे दाभोळकडचे, उम्म अल कुवैनला त्यांचं दोर आणि जाळ्यांचं दुकान. तिथल्या खाडीत ते हौसेने मासे धरायला जातात. साडूंच्या बोलण्याला उतारा म्हणून देवाने त्यांना घडवलं असावं, कारण ते दिवसाला फार तर चार वाक्यं बोलतात. लपण नावेवर चढवलेलं पाहून त्यांनी "माशाल्ला" एवढंच म्हटलं, आणि नाव किनाऱ्यावरून ढकलून देऊन ते आपल्या गाडीत जाऊन बसले.

पहिली फेरी जानेवारीच्या सुरुवातीला झाली. त्या सकाळचं मी काय सांगू? खाडी आरशासारखी, पलीकडे तिवरांची काळी रेघ, दूरवर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. उथळ पाण्यात बदकंही होती, शेपटीला लांब टोक असणारी, तलवार बदकं. साडूंनी हळूहळू वल्हं मारत नाव जवळ नेली, बाबूजींना फोन लावला, पोत्याच्या फटीतून बाहेर धरला. आणि बोलू लागले. त्यांना ते थांबवता येईना. बाबूजी, उजवीकडे सात-आठ आहेत. आता एकाने मान खाली घातली. आता दुसरं पाहून राहिलं. साडभाऊ, तुम्ही हलू नका. बाबूजी, हे साडभाऊ हलून राहिले. सगळं कुजबुजत, पण त्यांची कुजबूज म्हणजे इतरांचं भाषण. बदकं उठली आणि एका झेपेत खाडीपार गेली.

आणि त्याच वेळी गस्तीची बोट आली. तरंगणारं, बोलणारं झुडूप पाहिलं तर कुठल्याही देशात गस्तीची बोट येईलच. त्यातला अधिकारी तरुण होता, आणि चांगलं हिंदी बोलत होता. त्याने शांतपणे विचारलं, हे काय आहे. साडूंनी छाती काढून सांगितलं, "सर, धिस इज लपण." त्याने विचारलं, आत बंदूक आहे का. आता ज्याच्या बापाने स्वतःहून बंदूक टाकली त्याला हा प्रश्न. साडू इतके खवळले की नाव डगमगली आणि मी पोत्यांतून बाहेर, म्हणजे शेजारी लागलेल्या त्या बोटीत, अधिकाऱ्याच्या पायांशी पडलो. तेवढ्यात फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आला, कोण आहे बे तिकडं? पोलीस आहेत बाबूजी, असं साडूंनी सांगितलं. "त्याले म्हन हळू बोल," बाबूजी म्हणाले. "अन् तूही चूप राह्य. सकाळपासून मले फक्त तुहाच आवाज येऊन राहिला." आणि फोन कट.

अधिकाऱ्याने अर्थ विचारला. साडू गप्प, म्हणून मीच हिंदीत सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने नाव तपासली, गफूरभाईंचे कागद पाहिले, तिवरांच्या बाजूला अजिबात जायचं नाही, ड्रोन नको, पक्ष्यांना उठवायचं नाही असं बजावलं, आणि कुठून पाहिलं तर चालेल तेही दाखवलं. जाताना साडूंच्या खांद्यावर हात ठेवून "यल्ला, इन्शाल्ला फिर आना" म्हणाला. परतीच्या वाटेवर साडूंनी गाडीतल्या त्या रस्ता दाखवणाऱ्या बाईशी एकदाही वाद घातला नाही. ती म्हणाली तो एक्झिट त्यांनी घेतला. मला धास्ती वाटली.

मग त्यांनी गप्प बसण्याचा सराव सुरू केला, आणि हा भाग माझ्या घराला सगळ्यांत जड गेला. सुट्टीच्या दिवशी ते येऊन आमच्या सोफ्यावर बसत आणि बोलायचं नाही असं ठरवून बसून राहत. न बोललेले शब्द त्यांच्या चेहऱ्यावर चढत. कान तांबडे होत, मिशी थरथरत असे. टीव्हीवर कुणीतरी विदर्भातल्या उन्हाबद्दल काही चुकीचं बोललं तेव्हा ते उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि आतून बराच वेळ व्याख्यान ऐकू आलं. तिकडे मेहुणीबाईंनी माझ्या बायकोला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला, की हे सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत, दवाखान्यात न्यावं का. त्यांच्या ऑफिसातून मला फोन आला, तुमच्या साडूंच्या घरी काही वाईट घडलं आहे का. एका माणसाने तोंड मिटलं तर निम्मं शहर काळजीत पडतं आणि त्या काळजीची उत्तरं द्यायला मी. हा कुठला न्याय?

फेब्रुवारी संपत आला. बदकं आता उत्तरेला परतणार होती. त्याच सुमारास साडूंच्या कंपनीने त्यांना सांगितलं की मुदतवाढ मिळणार नाही, उन्हाळ्याच्या आत घरी जायचं. आणि भंडाऱ्याहून कळलं की बाबूजींना दम लागतो, रात्री आडवं होता येत नाही. साडूंनी हे दोन्ही मला वळसे न देता दोन वाक्यांत सांगितलं. मग येत्या शनिवारी खाडीत जायचं, एवढंच म्हणाले. मला सणसणीत सर्दी झाली होती. तरी गेलो.

त्या सकाळी धुकं होतं. इथे हिवाळ्यात असं धुकं पडतं की नावेचं टोक दिसत नाही. अधिकाऱ्याने दाखवलेल्या जागी आम्ही नांगर टाकला, अंगावर ओली पोती घेतली आणि बसलो. साडूंनी फोन लावला. पलीकडे म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, घरघर करणारा. साडूंनी फोन फटीतून बाहेर, अगदी पाण्याजवळ धरला, आणि धरून राहिले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी नाकावर रुमाल दाबून शिंक आवरत होतो. मग वर कुठेतरी कापड फाडल्यासारखा सर्र आवाज झाला, धुक्यातून सावल्या उतरल्या, आणि पाण्यावर एकामागून एक चरे पडत गेले. बदकं आमच्याभोवतीच उतरली होती. हात लांब केला असता तर एखाद्याला लागला असता. ती चोची बुडवून चिखल चाळू लागली. तो बारीक चुळचुळ आवाज, मध्येच पंख झटकल्याचा, मध्येच एक हलकी दुहेरी शीळ. मी साडूंकडे पाहिलं. त्यांचे ओठ सारखे हलत होते. सगळं वर्णन चाललं होतं, उजवीकडे इतकी, डावीकडे इतकी, पण आवाज नव्हता. फोन धरलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता. उन्हाने धुकं विरलं आणि बदकं आपण होऊनच, घाई न करता, उठून गेली, तोवर हा माणूस तसाच बसून होता.

पाणी शांत झालं. मग फोनमधून, अगदी हळू, बाबूजी म्हणाले, "शीळ घालते तो नर. आयकला?"

साडूंनी मान हलवली. आंधळ्या माणसाला फोनवर मान हलवून उत्तर.

"आता बोल," म्हातारा म्हणाला.

साडूंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ज्या माणसाला थांबवायला मी वर्षानुवर्षं देवाला हात जोडले, त्याला त्या दिवशी एक शब्द फुटेना. पलीकडे म्हातारा वाट बघत राहिला. त्याने घाई केली नाही. अखेर तोच म्हणाला, "बरं. राहू दे. तुह्यासंग कोनी हाय ना? त्याले सर्दी हाय. सुंठ दे त्याले." आणि त्याच क्षणी मला शिंक आली, इतक्या वेळची साठलेली, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे सगळे फ्लेमिंगो उडाले.

साडू मे महिन्यात गावी परतले. लपण जहाजाने भंडाऱ्याला न्यायचा त्यांचा बेत होता. कार्गोवाल्याला ते काय आहे हे सांगण्यात दोन दिवस गेले, आणि शेवटी ते गफूरभाईंकडेच राहिलं. गफूरभाई त्याच्या सावलीत गळ टाकून बसतात. मासे जास्त मिळतात म्हणाले. माझ्या बाल्कनीत आता बायकोने पुदिना लावला आहे.

गेल्या डिसेंबरात रजेवर गेलो तेव्हा वाकडी वाट करून भंडाऱ्याला उतरलो. बाबूजींना पहिल्यांदाच पाहिलं. अंगणात उन्हात खुर्ची, पायांवर शाल, लहानसर आणि ताठ. साडू त्यांच्यासाठी न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवत होते, अर्थातच घरी बनवलेला, आणि अर्थातच तो भिंतीसकट बाहेर येत होता. आणि ते बोलत होते. सिमेंटच्या कंपनीला, गवंड्याला, मला, म्हाताऱ्याला, कुंपणावरच्या खारीला. गप्प बसण्याच्या सरावाचा मागमूस उरला नव्हता. त्या आवाजात म्हातारा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला त्रास होत असणार. मी पुढे झुकून म्हटलं, सांगू का त्यांना जरा थांबायला?

बाबूजींनी हातानेच नको म्हटलं.

"बोलू दे त्याले," ते म्हणाले. "इतकी वर्सं तिकडं होता. तिथं कोनासंग बोलला असंल?"

माझ्यासंग, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. रोज, सकाळ-संध्याकाळ, माझ्यासंग. पण न्हाणीघरातून साडूंनी मला हाक मारली, दांडा धरायला, आणि मी उठून गेलो.